दिल्ली मेट्रोची सगळी स्थानकं एका दिवसात: आमचा प्रयत्न कसा झाला

आधीच सांगते, गिनेस रेकॉर्ड झालं नाही. १६ तास ४१ मिनिटं लागली आणि ज्या वेळेच्या आत यायचं होतं ती १५ तास २२ मिनिटं ४९ सेकंद होती. पण अर्ज करण्यापासून शेवटच्या स्थानकापर्यंत जे जे करावं लागलं ते मराठीत मला कुठेच सापडलं नव्हतं. रात्र रात्र जागून इकडचं तिकडचं जोडत बसले होते. कुणाला हे करावंसं वाटलं तर निदान तेवढं जागरण तरी वाचेल, म्हणून सगळं क्रमाने लिहिते.

मी मूळची साताऱ्याची. गेली सहा वर्षं नोकरीनिमित्त दिल्लीत, लक्ष्मी नगरला राहते. रोज मेट्रोने जाते-येते. २०२३ मध्ये पेपरात बातमी वाचली की शशांक मनू या तरुणाच्या नावावर दिल्ली मेट्रोची सगळी स्थानकं सर्वांत कमी वेळात फिरण्याचा गिनेस रेकॉर्ड आहे. मेट्रोचेच एक कर्मचारी प्रफुल्ल सिंह यांनीही २०२१ मध्ये २५४ स्थानकं १६ तास २ मिनिटांत केली होती. लंडनमध्ये तर हा नाद १९५९ पासून चालत आलाय. तिथली माणसं पिढ्यान् पिढ्या एकमेकांचे मिनिट-मिनिट कापत आलीत. बातमी वाचली त्या दिवशी ऑफिसातून येताना यमुना बँकला गाडी थांबली आणि दारावरच्या नकाशाकडे बघता बघता मनात आलं, यातली निम्मीअधिक नावं आपण नुसती ऐकलीत. शिव विहार कसं असेल? ढांसा बस स्टँड?

भाचा ओम तेव्हा दिल्लीतच शिकायला होता. त्याला म्हटलं, तर तो म्हणाला, "मावशी, तू अर्ज कर. मार्ग मी काढतो."

अर्ज

१२ फेब्रुवारी २०२४ ला गिनेसच्या संकेतस्थळावर खातं उघडून अर्ज केला. साध्या अर्जाला मला पैसे पडले नाहीत, पण उत्तराला १२ आठवडे लागू शकतात असं तिथेच लिहिलेलं असतं. पैसे भरून लवकर उत्तर मिळवायची सोय आहे, पण ती रक्कम आपल्यासारख्या हौशी माणसासाठी नाही. अर्जात काय करणार, कुठे करणार, का करणार हे विचारतात. मी पहिल्यांदा दीड पानाचा निबंध लिहिला, मग तो खोडून पाच ओळींत आणला. पाच ओळी पुरतात.

उत्तर ६ मे ला आलं, मोजून ८४ दिवसांनी. सोबत नियमावली आणि पुराव्यांची यादी. त्यातला गाभा असा: घड्याळ एकदा सुरू झालं की थांबत नाही, जेवण असो की काही असो. मधल्या प्रवासाला सार्वजनिक वाहन किंवा स्वतःचे पाय. रिक्षा, टॅक्सी, कुणाची स्कूटर चालत नाही. गाडी स्थानकात थांबून दरवाजे उघडले की ते स्थानक झालं, प्रत्येक ठिकाणी उतरायची गरज नाही. प्रत्येक स्थानकाची वेळ वहीत नोंदवायची. वाटेत भेटलेल्या अनोळखी माणसांच्या साक्षीदार म्हणून सह्या घ्यायच्या. फोटो, व्हिडिओ, जमेल तिथे जीपीएसची नोंद.

नात्यातला साक्षीदार चालत नाही. म्हणजे ओम दिवसभर माझ्या शेजारी उभा राहणार, पण कागदोपत्री त्याच्या शब्दाला किंमत शून्य. त्याला हे फार लागलं. मी म्हटलं, "तू घड्याळ सांभाळ, मी वही सांभाळते." शेवटपर्यंत वाटणी तीच राहिली.

जुलैमध्ये बाराखंबा रोडजवळच्या मेट्रो भवनात जाऊन एक पत्र दिलं: अमुक तारखेला आम्ही असा असा प्रवास करणार आहोत, चित्रीकरण फक्त मोबाइलवर, प्रवाशांना त्रास होऊ देणार नाही. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का मारून घेतला आणि ती घडी दिवसभर पर्समध्ये ठेवली. कुणी दाखवायला सांगितली नाही, पण ती जवळ होती म्हणून मी निर्धास्त होते. पत्र दोन प्रतींत न्यायला विसरू नका.

स्थानकं मोजायची कशी

हा प्रश्न वाटतो तेवढा सोपा नाही. काश्मिरी गेटला तीन मार्गिका मिळतात. ते एक स्थानक की तीन? आम्ही प्रत्येक मार्गिकेची स्थानकं वेगळी मोजायची ठरवली, म्हणजे कुणी कसंही मोजलं तरी काही सुटणार नाही. तेव्हा रेड २९, यलो ३७, ब्लू ५० आणि वैशालीकडची ८, ग्रीन २४, व्हायोलेट ३४, पिंक ३८, मॅजेन्टा २५, एअरपोर्ट ७, ग्रे ४. बेरीज २५६. नोएडाची ॲक्वा लाइन आणि गुरुग्रामची रॅपिड मेट्रो आमच्या यादीत नव्हती.

वही मी ए-फाइव्ह आकाराची बनवून घेतली. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे तक्ते छापले, स्पायरल बांधणी केली, ८० रुपये. प्रत्येक ओळीत स्थानकाचं नाव, दरवाजे उघडल्याची वेळ, बंद झाल्याची वेळ आणि शेवटचा रकाना सहीचा. सहीचा रकाना मी सुरुवातीला इतका अरुंद ठेवला होता की त्यात फक्त आद्याक्षरं मावली असती. ऑगस्टमधल्या एका शनिवारी तालीम केली तेव्हा ते कळलं आणि वही पुन्हा छापली. पेन गळ्यात दोरीला बांधलं. हे फार उपयोगी पडलं, चालत्या गाडीत पडलेलं पेन कुणाच्या पायाखाली जाईल सांगता येत नाही.

मार्ग ओमने तीन आठवडे घेऊन काढला. नकाशात तेव्हा १२ टोकं होती जिथे गाडी संपते आणि पुढे दुसरी मार्गिका मिळत नाही, म्हणजे प्रत्येक टोकाला जाऊन परत यावंच लागतं. खरं कोडं तेच आहे. कुठल्या टोकाला सुरुवात करायची आणि कुठल्या टोकाला संपवायचं, म्हणजे ती दोन टोकं एकदाच करावी लागतात. आम्ही हरियाणातल्या बहादूरगडच्या ब्रिगेडियर होशियार सिंह स्थानकावरून सुरू करून बल्लभगडच्या राजा नाहर सिंह स्थानकावर संपवायचं ठरवलं. मध्ये २६ वेळा गाडी बदलायची. कागदावर १५ तास १८ मिनिटं बसत होती, रेकॉर्डच्या आत जेमतेम पावणेपाच मिनिटं.

आदल्या दिवशी

पहिली गाडी पकडायची तर बहादूरगडला आदल्या रात्री पोहोचायलाच हवं, कारण तिथे पहाटे नेणारी मेट्रो नसते. एका साध्या लॉजमध्ये दोन खोल्या घेतल्या, १,८०० रुपये. दिवस निवडला बुधवार, २५ सप्टेंबर २०२४. रविवार मुद्दाम टाळला. आईचा फोन आला: "पितृपक्षात कसलं नवीन काम काढतेस?" मी म्हटलं, आई, नवीन काम फेब्रुवारीतच सुरू झालंय. "मग बरं," म्हणाली, आणि शेंगदाण्याचे लाडू डब्यात घेतलेस का ते विचारलं. घेतले होते. गाडीत खायला मनाई आहे, त्यामुळे फाटकाबाहेर पडू तेव्हा एका घासात संपेल असंच काहीतरी हवं.

तिकिटासाठी टुरिस्ट कार्ड घेतलं. एक दिवसाचं तेव्हा २०० रुपयांना होतं, त्यात ५० रुपये अनामत, कार्ड परत केल्यावर मिळायची. एअरपोर्ट लाइनचं भाडं वेगळं असल्याने तिथे अडायला नको म्हणून २०० रुपये भरलेलं स्मार्ट कार्डही जवळ ठेवलं. एक गोष्ट नीट लक्षात घ्या: एकदा आत शिरल्यावर किती वेळ आत राहता येतं याला मर्यादा असते, ती ओलांडली की दंड बसतो. म्हणजे दिवसभर आतच राहू असं चालत नाही. आम्ही बाहेर पडून परत आत येण्याच्या जागा आधीच ठरवल्या, त्याही शक्यतो शेवटच्या स्थानकांवर, कारण तिथे गाडी फिरून यायला तशीही काही मिनिटं जातात. दर वेळी आत येताना बॅग मशीनमधून जाते आणि तपासणी होते, म्हणून बॅग एकच आणि लहान. धातूचा डबा नको.

दिवस

पहाटे ५ वाजून ३४ मिनिटांनी होशियार सिंहला दरवाजे बंद झाले आणि मी वहीतली पहिली ओळ लिहिली. हात थरथरत होता, अक्षर आजही तसंच दिसतं. डब्यात आम्ही दोघं, तीन मजूर आणि शाळेच्या गणवेशातली एक मुलगी. पहिली सही तिचीच. तिने नाव लिहिल्यावर खाली वर्ग आणि तुकडीही लिहिली.

ग्रीन लाइनवर मुंडकाच्या पुढे उजाडलं. मग पश्चिम विहार, मादीपूर, आणि 'अगला स्टेशन शिवाजी पार्क'. सहा वर्षं दिल्लीत राहून मला माहीत नव्हतं की इथेही शिवाजी पार्क आहे. तो फोटो मी पुराव्यासाठी काढला आणि घरच्या ग्रुपवरही टाकला. दिवसभरात तेवढी एकच चैन केली.

इंद्रलोकला रेड लाइन. आधी रिठाला, तिथून उलट फिरून थेट गाझियाबादचं शहीद स्थळ, २९ स्थानकं एका दमात. याच मार्गावर २४ डिसेंबर २००२ ला दिल्ली मेट्रोची सुरुवात झाली, शाहदरा ते तीस हजारी, अवघी सहा स्थानकं. ते काम ज्यांच्या हाताखाली झालं ते ई. श्रीधरन त्याआधी आपली कोकण रेल्वे बांधून आले होते. काश्मिरी गेट सोडून गाडी यमुनेवर आली तेव्हा मला ते आठवलं. चिपळूणला मामाकडे पहिल्यांदा त्या रेल्वेने गेले होते तेव्हा मी शाळेत होते, आणि प्रत्येक स्टेशनचं नाव पाठीमागच्या वहीत लिहीत गेले होते. सवय जुनीच म्हणायची.

वेलकमला पिंक लाइन. शिव विहार हे टोक गाठून तिथून मजलिस पार्कपर्यंत ३८ स्थानकं, पावणेदोन तास, एकाच गाडीत. माझ्या मते सगळ्या दिवसात अवघड भाग हाच. सकाळच्या गर्दीची वेळ होती. बसायला जागा मिळाली तर झोप येते, उभं राहिलं तर लिहिता येत नाही. मी दाराशेजारच्या काचेला पाठ टेकून, वही डाव्या हातावर धरून लिहीत होते. 'दरवाज़े बाईं ओर खुलेंगे' ऐकलं की घड्याळाकडे ओम बघायचा आणि तीन आकडे म्हणायचा: तास, मिनिट, सेकंद. मी लिहायचे. मयूर विहारच्या पुढे आल्यावर आम्ही बाकी काही बोलतच नव्हतो.

त्रिलोकपुरीचा तुकडा ६ ऑगस्ट २०२१ ला जोडला गेला. त्याआधी पिंक लाइन तिथे तुटलेली होती, हे करणाऱ्यांना दोन वेगवेगळे तुकडे करावे लागले असतील. आपल्याला जे सरळ मिळतं ते कधीतरी कुणाला फिरून यावं लागलंय, याचा विचार मी बराच वेळ करत होते.

लाजपत नगरला एक आजी चढल्या. पांढरी साडी, हातात औषधांची पिशवी. ओमने जागा दिली. त्यांनी वहीकडे पाहून विचारलं काय लिहितेस. मी सांगितलं आणि सही द्याल का विचारलं. म्हणाल्या, "बेटा, लिखना नहीं आता. अंगूठा चलेगा रिकॉर्ड में?" शाईचा पॅड कुठून आणणार? ओमने बॉलपेनची रिफिल काढून तिच्या टोकाने त्यांच्या अंगठ्यावर शाई घासली. निळ्या बारीक रेघा ओढत गेला, एकेक, अंगठा पूर्ण भरेपर्यंत. त्या हात अजिबात न हलवता बसून होत्या. मग मी वही त्यांच्या मांडीवर धरली आणि त्यांनी अंगठा टेकवून हळूच डावीकडून उजवीकडे फिरवला, ज्याला सरकारी कागदावर अंगठा द्यायची सवय असते तसा. ठसा पुसट आला पण आला. त्यांनी पदराने शाई पुसली नाही. सर एम. विश्वेश्वरैया मोती बागला उतरल्या तेव्हाही अंगठा निळाच होता. पुढचं स्थानक दुर्गाबाई देशमुख साउथ कॅम्पस. आपल्या रोह्याकडच्या सी. डी. देशमुखांच्या पत्नी त्या. त्या नावापुढे मी दरवाजे उघडल्याची आणि बंद झाल्याची वेळ लिहिली आणि एक मिनिट डोळे मिटून घेतले.

साक्षीदारांबद्दल एवढंच सांगते: हिंदीत चार ओळींचा एक कागद छापून न्या. प्रत्येकाला तोंडी सांगत बसलात तर घसा बसतो आणि स्थानकं निघून जातात. ड्युटीवरच्या जवानाला किंवा कर्मचाऱ्याला सही मागू नका, त्यांना विनाकारण अवघड होतं. आणि कुणी नाही म्हटलं तर लगेच बाजूला व्हा. दिवसभरात ४१ सह्या झाल्या. नाही म्हणणारे बोटांवर मोजण्याइतके होते.

आझादपूर, समयपूर बादली, आणि तिथून यलो लाइनने थेट गुरुग्रामचं मिलेनियम सिटी सेंटर. ही लाइन मला पाठ आहे, त्यामुळे इथे जरा दम घेता आला. समयपूर बादलीला शौचालयासाठी थांबलो, आठ मिनिटं गेली. बायकांसाठी हे स्पष्टच लिहायला हवं: पाणी न पिण्याचा मार्ग चुकीचा आहे. तालमीच्या दिवशी मी तसं केलं आणि दुपारी डोकं इतकं चढलं की दोन स्थानकांच्या वेळा लिहायच्या राहिल्या. दर तासाला थोडं थोडं पाणी प्या आणि वेळापत्रकात आठ-आठ मिनिटांचे दोन थांबे आधीच धरा. आम्ही धरले नव्हते.

हौज खासला यलोवरून मॅजेन्टावर जायचं म्हणजे पाताळात उतरायचं. सरकत्या जिन्यांवरून सरकत्या जिन्यांवर. कागदावर आम्ही प्रत्येक बदलाला चार मिनिटं धरली होती, इथे साडेसहा लागली. मॅजेन्टावर चालकाविना गाडी धावते, देशात पहिल्यांदा ती इथेच धावली, २८ डिसेंबर २०२० ला. पहिल्या डब्याच्या पुढच्या काचेतून रूळ दिसतात. पहिला डबा बायकांचा असतो, त्यामुळे ओम दुसऱ्या डब्यात राहिला आणि मी पुढच्या काचेशी जाऊन उभी राहिले. बोगद्यातले दिवे एकामागून एक अंगावर येत होते. जनकपुरी वेस्टला पोहोचेपर्यंत मी एकही क्षण बसले नाही. तिथून उलट फिरून बोटॅनिकल गार्डन, पूर्ण २५ स्थानकं. बाहेर पडून उभ्याउभ्या दोन लाडू, एक केळं.

मग चूक झाली, आणि ती सर्वस्वी माझी. नोएडा इलेक्ट्रॉनिक सिटीहून परत येऊन यमुना बँकला उतरलो. तिथून वैशालीची गाडी घ्यायची होती. समोर गाडी उभी होती, दरवाजे बंद व्हायचा आवाज सुरू झाला होता, मी ओमचा हात धरून आत ओढलं. पाटी वाचली नाही. रोज माझं जाणं-येणं याच फाट्यावरून होतं, आणि मीच ती चूक केली. पुढचं स्थानक लक्ष्मी नगर यायला हवं होतं. आलं अक्षरधाम. ओम काही बोलला नाही. मीही नाही. उतरलो, जिना चढलो, पलीकडे गेलो, परत यमुना बँक. १४ मिनिटं गेली. रेकॉर्ड हातातून गेलं ते इथे, असं मला त्या वेळी वाटलं.

नंतर हिशेब केला तेव्हा कळलं की तसं नव्हतं. १४ मिनिटं माझ्या चुकीची, ८ शौचालयाची, संध्याकाळी वैशालीला परत आत येतानाच्या रांगेची ७, द्वारकेला ग्रे लाइनची गाडी डोळ्यांदेखत सुटल्यावर पुढच्या गाडीची वाट बघण्याची ११. हे झाले ४०. उरलेली ४३ मिनिटं २६ बदलांत विखुरलेली होती. कुठे दीड मिनिट, कुठे दोन, हौज खासला अडीच. मोठी चूक लक्षात राहते, म्हणून तिच्याच नावाने आपण दिवसभर हळहळतो. पण वहीत दोन गाड्यांमधली ती लहान लहान अंतरं बघितली की गणित वेगळंच निघतं. तुम्ही करणार असाल तर प्रत्येक बदलाची जागा आधी स्वतः चालून बघा, ज्या वेळेला तिथे पोहोचणार त्याच वेळेला. आम्ही शनिवारी दुपारी चाललो होतो आणि बुधवारच्या गर्दीत तीच अंतरं दीडपट झाली.

कीर्ती नगरला ब्लू लाइन सोडून ग्रीनचा तो लहानसा फाटा करायचा होता. सद्गुरू राम सिंह मार्ग, एकुलतं एक स्थानक, तेवढ्यासाठी जाऊन येऊन १५ मिनिटं. पुन्हा केलं तर हे सकाळीच उरकेन, संध्याकाळच्या रेट्यात नाही.

ढांसा बस स्टँडला पोहोचलो तेव्हा अंधार पडला होता. ज्या नावाबद्दल वर्षभर कुतूहल होतं तिथे आम्ही चार मिनिटं थांबलो. फलाटाच्या बाकावर एक माणूस पेरूची पिशवी घेऊन बसला होता. त्याने सही दिली आणि दोन पेरू दिले. खाता येणार नव्हते, बॅगेत टाकले.

द्वारका सेक्टर २१, यशोभूमी, तिथून एअरपोर्ट लाइनने नवी दिल्ली. ही लाइन दुसऱ्याच जगातली वाटते, मोठ्या बॅगा, गार हवा, शांतता. शिवाजी स्टेडियमची वेळ लिहिताना माझं पेन संपलं. दुसरं बॅगेच्या तळाशी होतं, पेरूंच्या खाली. नवी दिल्लीला वर चढून यलो, मग काश्मिरी गेट, आणि व्हायोलेट, शेवटची लाइन.

रात्री ८ वाजून ५७ मिनिटांनी गाडी मंडी हाऊसला होती. १५ तास २२ मिनिटं ४९ सेकंद तिथे संपली. वर रस्त्यावर कोपर्निकस मार्गावर जुनं महाराष्ट्र सदन आहे, दिल्लीत पहिल्यांदा आले तेव्हा झुणका-भाकर खायला मी तिथे गेले होते. ओमने घड्याळ माझ्यासमोर धरलं. मी वहीत मंडी हाऊसची ओळ भरली. पुढचं स्थानक जनपथ होतं. त्याने विचारलं, "मावशी, उतरायचं का? घर जवळ आहे इथून." मी त्याला उरलेली पानं दाखवली. २८ ओळी रिकाम्या होत्या.

त्या २८ ओळी मी दिवसभरातल्या सगळ्यात सुवाच्य अक्षरात लिहिल्यात. घाई संपली होती. बदरपूर बॉर्डर ओलांडल्यावर डबा रिकामा होत गेला. फरीदाबादला एक मुलगा शेजारी येऊन बसला, वही बघितली, आणि उतरेपर्यंत पुढच्या प्रत्येक स्थानकाचं नाव घोषणेच्या आधी सांगत राहिला. १० वाजून १५ मिनिटांनी राजा नाहर सिंहला दरवाजे उघडले. शेवटची सही त्याचीच असती तर बरं झालं असतं, पण तो आधीच उतरला होता. रिकाम्या फलाटावर झाडू मारणाऱ्या ताईंनी ड्युटी संपल्यावर बाहेर येऊन सही केली. त्यांच्यासाठी आम्ही दहा मिनिटं थांबलो, पेरू त्यांना दिले.

परतायची सोय आधी करून ठेवा. आम्ही केली नव्हती आणि तिथून घरी यायला टॅक्सीला ९५० रुपये पडले. एकूण खर्च, वही, लॉज, कार्डं, टॅक्सी, खाणं आणि दोन तालमी धरून, साधारण ४,७०० रुपये दोघांचा.

पुरावे गिनेसला पाठवले नाहीत, वेळ जास्त असताना पाठवण्याला अर्थ नाही. पाठवायचे असते तर तपासणीला आणखी १२ आठवडे धरावे लागतात, तेही लक्षात ठेवा. टुरिस्ट कार्ड परत करून दुसऱ्या दिवशी ५० रुपये घेतले. पायांना सूज होती ती तीन दिवसांनी उतरली. जमिनीखाली जीपीएस तुटत असल्याने मोबाइलवरची आमची रेघ दिल्लीच्या मधोमध तुकड्या-तुकड्यांची दिसते, तिथे फक्त वहीचाच आधार आहे. म्हणून पुन्हा सांगते, वही मनापासून बनवा.

५ जानेवारी २०२५ ला मॅजेन्टा लाइनवर जनकपुरी वेस्टच्या पुढे कृष्णा पार्क एक्स्टेंशन सुरू झालं. पुढच्या रविवारी ओम आणि मी तिथे जाऊन आलो. मॅजेन्टाच्या पानावर खाली जागा नव्हती, म्हणून समासात आडवी रेघ मारून २५७ वी ओळ लिहिली. वेळ दुपारी १२ वाजून ८ मिनिटं. सहीचा रकाना अजून मोकळा आहे.